सव्विसाव्या मजल्यावरचे महापौर

महापौर मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत, परक्या माणसाच्या चड्ड्यांच्या घड्या घालताना. मशीन कधीचं थांबलं होतं, कपड्यांच्या मालकाचा पत्ता नव्हता, मी बादली घेऊन उभी होते. आणि हे म्हातारे गृहस्थ, अंगात कोट, गळ्यात टाय, एकेक कपडा बाहेर काढून टेबलावर नीट रचत होते. तेवढ्यात मालक उगवला. हाफपँटीतला आडदांड पोरगा. माझ्या कपड्यांना हात कसा लावलास म्हणून त्याने जो आरडाओरडा सुरू केला! म्हातारे शांत. माझ्याकडे हात करून तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, "लोक थांबलेत. मशीन रिकामं पाहिजे."

लोक म्हणजे मी एकटी. पण ते ज्या सुरात म्हणाले तो सूर मी झोपेतसुद्धा ओळखेन. मी विदर्भातल्या एका महापालिकेत पाणीपुरवठा खात्याची ज्युनियर इंजिनियर. हा माणूस सरकारी आहे, आणि नुसता कारकून नाही, चांगला खुर्चीत बसलेला आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं. लिफ्टमध्ये मी विचारलंच. त्यांनी आधी लिफ्टमध्ये दुसरं कुणी नाही ना ते बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मेयर. माझ्या शहराचा. कम्युनिस्ट काळात." मग ओठांवर बोट ठेवलं.

त्यांचं शहर पूर्व युरोपातलं. नाव सांगत नाही, तुम्हाला उच्चारता यायचं नाही. मलाही शेवटपर्यंत आलं नाही.

जर्सी सिटीतल्या त्या भाड्याच्या टॉवरमध्ये मी का होते हे वेगळं सांगायला नको. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून अमेरिका आमच्याकडची पोरं विमानं भरभरून बोलावत होती. त्यातल्या एका पोराशी माझं लग्न झालेलं. त्याचा कामाचा व्हिसा, आणि माझा त्याच्या व्हिसाला लावलेलं शेपूट. त्या शेपटाला नोकरी करता येत नाही. मला गाडी येत नव्हती. नवरा सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, आणि शनिवारी आयसेलिनच्या देशी दुकानांत जाऊन कोथिंबीर आणि तूरडाळ आणायची, ही माझी सहल. मंडळाच्या जेवणाला गेलं की बायका म्हणायच्या, "मज्जा आहे यार तुझी, घरीच असतेस!" अशी चीड यायची की हातातला पापड त्यांच्या डोक्यावर फोडावा. मी हसायची आणि म्हणायची, हो ना, मज्जाच आहे.

आमच्या वस्तीतून महापालिकेत माझ्या आधी गेलेली माणसं झाडू घेऊन गेली होती. इंजिनियर म्हणून गेलेली मी पहिली. माझी ऑर्डर आली त्या दिवशी बाबांनी ती बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवली होती, आणि वस्तीतल्या बाया मला बघायला आल्या होत्या. मी बिनपगारी रजा घेऊन आले होते. रजा एकदा वाढवून झाली होती. परत रुजू नाही झाले तर जागा जाणार, आणि तशी जागा पुन्हा मिळत नाही. हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

महापौर सव्विसाव्या मजल्यावर मुलीकडे राहायचे, मी एकोणिसाव्या. मुलगी हॉस्पिटलात नर्स, डबल ड्युटी करणारी, कष्टाळू बाई. तिनेच मला विचारलं, दुपारी जरा बाबांजवळ बसशील का, ते एकटे असले की खाली उतरतात आणि लोकांना शिस्त लावतात. मी बसायला लागले. मी त्यांना आजोबा म्हणायची, ते मला 'इंजिनियर' म्हणायचे. अख्ख्या अमेरिकेत मला तसं म्हणणारे ते एकटेच.

त्यांची गोष्ट मी तुकड्यातुकड्याने ऐकली. गवंड्याचा मुलगा, स्वतःही गवंडीच. महायुद्ध संपलं तेव्हा त्यांचं शहर म्हणजे विटांचे ढीग. नवं सरकार आलं, पार्टीला विटांमधलं कळणारा माणूस हवा होता, म्हणून ऐन तिशीत यांना महापौर केलं. गळ्यात महापौरपदाची साखळी घालायला दिली ती जुन्या राजवटीतली. तिच्यावरचा मुकुट कानशीने घासून काढला होता. सगळ्यात आधी काय केलंत, मी विचारलं. "पाणी," ते म्हणाले. मला एवढा आनंद झाला की मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला. माझ्या ऑफिसवर बायकांनी रिकामे हंडे-मडकी घेऊन मोर्चा आणला होता, टेबलावर मडकी फोडली होती, ते मी त्यांना सांगितलं. त्यांच्याकडे बायका बादल्या आणायच्या. बादली फुटत नाही, म्हणून त्या ती वाजवायच्या. आम्ही दोघंही खूप हसलो.

मग मी त्यांना आमचा महापौर समजावून सांगितला. आमच्याकडे हारतुरे महापौराला आणि खरी सत्ता आयुक्ताच्या हातात. त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या ऑफिसच्या समोर, चौकाच्या पलीकडे, पार्टीच्या सेक्रेटरीचं ऑफिस होतं. टेबलावर दोन फोन. काळा फोन शहराचा, पांढरा फोन सेक्रेटरीचा. काळा वाजला तर वाजू द्यायचा, पांढरा वाजला की उभं राहून घ्यायचा.

"उभं राहून? तो बघत होता का?"

"खिडकी समोरच होती," ते म्हणाले.

गटाराचं काम अर्धवट असताना पांढऱ्या फोनवरून हुकूम आला, आधी चौकात पुतळा. ह्यांनी पुतळा उभारला. मग हुकूम आला, कामगारांच्या घरांना स्वयंपाकघरात खिडकी नको, विटा वाचवा. गवंड्याने खिडकीशिवाय स्वयंपाकघरं बांधली, सह्या केल्या, आणि स्वतःही तसल्याच घरात राहायला गेले. बायको जन्मभर दिव्याच्या उजेडात कांदा चिरत राहिली. राजीनामा द्यायचं रोज मनात यायचं. पण पाण्याची टाकी होऊ दे, मग देऊ. टाकी झाली, मग शाळा होऊ दे. आणि राजीनामा दिला असता तर का दिला याची चौकशी झाली असती. बायको म्हणायची, अजून एक वर्ष काढू. असं करत सतरा वर्षं काढली.

"सोडता येत नव्हतं," ते म्हणाले. "आणि धरूनही ठेवता येत नव्हतं. एक दिवस पांढरा फोन वाजला आणि संपलं."

सेक्रेटरीने पदक दिलं आणि शहराच्या कबरस्तानांचं व्यवस्थापक केलं. अरे बाप्पा, मी म्हटलं, महापौराला थेट स्मशानात? ते म्हणाले, सगळ्यात चांगली नोकरी तीच, तिथे कुणी तक्रार घेऊन येत नाही. तिथे त्यांनी झाडं लावली, वाटा फरसबंद केल्या. बायको गेली तेव्हा लिंडनच्या एका झाडाखाली दोन माणसांची जागा घेतली. एकीत ती आहे. दुसरी रिकामी आहे, आणि तिच्यासाठीच त्यांना परत जायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

"आमच्यात जाळतात," मी म्हटलं.

"मग तुला जागेची काळजी नाही," ते म्हणाले. "तू नशीबवान."

राजवट पडली तेव्हा नव्या पोरांनी ह्यांच्या दारावर लाल रंग ओतला. मुलगी घाबरली. तीन महिन्यांसाठी चला म्हणून अमेरिकेत घेऊन आली आणि तिकडचं घर विकून टाकलं. ऐंशीच्या माणसाला एकटं कसं ठेवू, हे तिचंही खरंच होतं. पासपोर्ट तिने कपाटात कुलूप लावून ठेवला. इथल्या त्यांच्या देशवासीयांच्या दुकानात आणि चर्चमध्ये, सगळे कम्युनिस्टांवर थुंकणारे लोक, तिने सांगून ठेवलं होतं की बाबा गवंडी होते. ते खोटं नव्हतं. पण ज्या माणसाने एक शहर उभं केलं त्याला पाव आणायला गेल्यावर तोंड मिटून उभं राहावं लागायचं. ते खिडकीशी बसून खालचे रस्ते बघायचे. पाणीखात्याची गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून चिडायचे. काचेवर बोट आपटायचे. ती खिडकी उघडत नव्हती. त्या बिल्डिंगमधली कुठलीच खिडकी उघडत नव्हती.

मग हिवाळा संपताना ते निघाले. लहान सूटकेस घेऊन, टाय लावून, चालत स्टेशनवर गेले आणि पोलिसाला विमानतळाची गाडी विचारली. पासपोर्ट कुठाय म्हटल्यावर गडबडले. पोलिसाने घरी आणून सोडलं. त्याने कुठे कळवलं असेल, पुढच्या आठवड्यात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्धांच्या खात्यातून एक बाई आली. मुलगी कामावर होती. मी होते.

बाई चांगली होती. मला आजही तिच्याबद्दल वाईट बोलता येत नाही. तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सावकाश, स्वच्छ विचारलं. तुम्हाला इथे कुणी मनाविरुद्ध ठेवलंय का? तुमचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे का? तुम्हाला तुमच्या देशात परत जायचंय का? जायचं असेल तर तसं सांगा, मी तुमच्या मुलीशी बोलेन, तुमच्या वकिलातीशी बोलेन, तिकडे राहण्याची सोय बघता येते. इतकी सोपी गोष्ट! नुसतं हो म्हणायचं होतं.

महापौर उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. "सगळं व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "मुलगी चांगली आहे. तक्रार नाही. धन्यवाद."

"अहो पण..." मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प झाले. बाई म्हणाली, मला त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तिने लिहून घेतलं, हात मिळवला आणि गेली.

दार लागल्यावर माझा तोल सुटला. मी त्यांच्यावर चक्क मराठीत ओरडले. "डोकं फिरलंय का तुमचं? रोज माझ्याजवळ झाडाखालच्या जागेचं रडगाणं, आणि जिच्या हातात काहीतरी होतं तिला व्यवस्थित आहे? काहून? काय झालं होतं तुम्हाला?" त्यांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला.

त्यांनी कोटाचं बटण काढलं. मग म्हणाले, "फाइल घेऊन कुणी घरात आलं की आम्ही हेच म्हणतो. तोंड आपोआप म्हणतं. मी स्वतःला ऐकत होतो आणि थांबवता येत नव्हतं."

"तिला काय कळणार मग?"

"तिला कळलं," ते म्हणाले. "इंजिनियर, मी दर सोमवारी लोकांना भेटायचो. ज्याचं छप्पर गळत होतं तोसुद्धा, दारात शिपाई उभा दिसला की म्हणायचा, सगळं व्यवस्थित आहे. मला कळायचं. नेहमी कळायचं. मी धन्यवाद म्हणून पुढच्याला बोलवायचो. बाहेर रांग मोठी असायची."

त्या दिवशी मी एकोणिसाव्या मजल्यावर येऊन भाजी न चिरता तशीच बसले. माझी चीड काही केल्या उतरेना, आणि ती कुणावर आहे तेही धड कळेना.

त्याच सुमारास माझ्या बाबांनी निरोप दिला होता, साहेबांना फोन कर. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. रजेची मुदत संपत आली होती. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ, मी फोनकार्डाचे ते लांबलचक आकडे दाबून त्यांच्या घरी फोन लावला. नवरा सोफ्यावर टीव्ही बघत होता.

"जय भीम साहेब," मी म्हटलं.

"जय भीम, जय भीम. कसं काय मग? अमेरिका काय म्हणते? सगळं मजेत ना?"

"हो साहेब, म..." माझं तोंड तो शब्द बोलायला निघालंच होतं. अक्षर ओठावर आलं होतं. आईला दर रविवारी हेच सांगायची. आई, मजेत आहे. बाबा, मजेत आहे. खिडकी उघडत नाही, आजोबा सोडले तर दिवसभर एका माणसाशी बोलत नाही, आरशासमोर उभी राहून पाइपच्या व्यासाचं गणित तोंडी करते, आणि आई, मजेत आहे. आपण लोक फोनवर दुसरं काही बोलतो का कधी? परदेशात गेलेल्या पोरीने रडायचं नसतं. घरच्यांना काळजी लागते, आणि वस्तीत सांगायला काही राहत नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मजेत नाही. मला इथे करमत नाही, मला वेड लागेल. मला रुजू व्हायचंय. माझी जागा भरू नका."

मला वाटलं कार्ड संपलं. मग साहेब म्हणाले, "अवो मग या ना! मी तर समजत होतो तुम्ही आता काही येत नाही. तुमचे बाबा म्हणतात पोरगी लय सुखात आहे. या महिन्याच्या आत या, मी फाइल थांबवतो."

फोन ठेवला. टीव्हीचा आवाज बंद झाला होता. नवरा माझ्याकडे बघत होता. मी भांडणाच्या तयारीतच होते, सगळे मुद्दे तोंडपाठ होते. तो नुसता म्हणाला, "मी तुला रोज विचारत होतो. रोज. कसा गेला दिवस म्हणून."

"हो."

"तू रोज म्हणायचीस मस्त गेला."

आणि ते खरं होतं. मी म्हणायची. तोसुद्धा ऑफिसात काय चाललंय विचारलं की मस्त म्हणायचा, आणि त्याचा प्रोजेक्ट कधीही बंद पडणार होता हे मला त्या सकाळी कळलं. दोघं एका खोलीत राहून एकमेकांना बाहेरच्या माणसासारखी उत्तरं देत होतो. मी रडले, तोही रडला, मग आम्ही उपमा केला. संसार मोडला नाही, एवढं इथे सांगते. तो दोन वर्षांनी परत आला आणि अजूनही जेवणात मीठ जास्त पडलं तर 'मस्त झालंय' म्हणतो, त्यावर मी त्याला फैलावर घेते.

मला एवढं हलकं वाटत होतं की निघायच्या गडबडीत मी वर जाणंच टाळलं. खोटं कशाला सांगू? महापौरांना तोंड दाखवायला जिवावर आलं होतं. माझी सुटका झाली होती आणि ते तिथेच होते. एकदा त्यांच्या मुलीशी बोलून बघितलं. ती शांतपणे म्हणाली, काउंटीच्या बाईलाही बाबा ठीक आहे म्हणाले ना? मग तू मध्ये का पडतेस? तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

निघायच्या दुपारी शेवटी गेले. टॅक्सी खाली येऊन उभी होती, नवरा बॅगा घेऊन वरच लिफ्टपाशी थांबला होता. महापौरांनी दार उघडलं. कोट, टाय, दाढी केलेली. मी येणार हे त्यांना माहीत असावं.

"परत रुजू होते आहे," मी म्हटलं. "पाण्याच्या खात्यात."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे तळवे गवंड्याचे होते, त्या वयातही खरखरीत. "चांगलं," ते म्हणाले. मग हात सोडला नाही. आवाज खाली आणून, माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "इंजिनियर, माझं व्यवस्थित नाही. मला इथे मरायचं नाही. मला घरी जायचंय, बायकोजवळ. मी आता सांगतो आहे. तू सरकारी माणूस आहेस. तू कुणाला तरी सांग."

त्यांनी आयुष्यात हे कुणा सरकारी माणसापुढे म्हटलं असेल असं मला वाटत नाही. काउंटीच्या बाईला म्हणायला हवं होतं ते त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्या हातात विमानाच्या तिकिटाशिवाय काही नव्हतं. नवऱ्याने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं होतं, ते टूं टूं करून बोंबलत होतं.

"बघते," मी म्हणाले. "बघते मी, काहीतरी करू."

हंडे घेऊन आलेल्या बायकांना मी किती वेळा हे म्हटलं असेल! तोंडातून गेल्यावर कळलं की मी हे कुणाला म्हणते आहे. सतरा वर्षं सोमवारी खुर्चीत बसून लोकांना असंच वाटेला लावत आलेल्या माणसाला.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात सोडला, मान हलवली आणि म्हणाले, "धन्यवाद." मग कचेरीच्या खिडकीवर आपलं काम आटपलेला माणूस जसा मागच्याला जागा करून देतो, तसे ते दारातून एक पाऊल बाजूला सरकले. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. मी लिफ्टमध्ये शिरले.